विश्लेषण : म्हातारपणासाठी सोने घ्यायचे, पण कोणाकडून?

सेनगाव तालुक्यात पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, त्यानंतर तूर-हरभरा आणि उन्हाळ्यात हळद. कर्जाचा हप्ता, कृषी सेवा केंद्राची उधारी, मुलांच्या शाळेचा खर्च भागवून काही उरले, तर ते कुठे ठेवायचे याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यातील बहुतेक घरांत ठरलेले असते : सोन्यात. आता मात्र या जुन्या उत्तराला नवा प्रश्न चिकटला आहे. मोबाइल उघडला की दहा रुपयांत सोने, सोन्यात निवृत्तीची सोय अशा जाहिराती समोर येतात. सराफाची भिशी आहे, बँकेचे नाणे आहे, शेअर बाजारातला गोल्ड ईटीएफ आहे. ज्याच्याकडे वर्षाला दहा-बारा हजार रुपयेच बाजूला पडतात, त्याने यातल्या कोणावर भरवसा ठेवावा?

बहुतेक जण हा निर्णय दोन गोष्टींवर घेतात : आजचा भाव आणि ओळखीचा माणूस. म्हातारपणाच्या सोन्यासाठी या दोन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत. हे सोने विकायची वेळ पंधरा-वीस वर्षांनी येणार आहे. तेव्हा ते कोण परत घेणार, किती कापून घेणार आणि त्याने हात वर केले तर जाब कोणाला विचारायचा, हे आजच ठरवावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते सोने तोपर्यंत घरात शिल्लक राहायला हवे.

‘सोन्याचे निवृत्ती खाते’ भारतात आहे का?

नाही. ही कल्पना अमेरिकेतली. तिथे निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्याला ‘आयआरए’ म्हणतात आणि १९९७ च्या करकायद्यानंतर त्यात ठराविक शुद्धतेचे सोने, चांदी ठेवण्याची मुभा रुंदावली. त्यालाच बोलीभाषेत ‘गोल्ड आयआरए’ म्हणतात. सोने घरी ठेवता येत नाही; ते मान्यताप्राप्त विश्वस्त संस्थेच्या ताब्यात, तिजोरीत राहते. खाते उघडण्याचे, सांभाळण्याचे आणि तिजोरीचे असे तीन वेगवेगळे आकार खातेदार भरतो. हे आकार बऱ्याचदा ठोक असतात. मोठ्या रकमेवर ते जाणवत नाहीत, छोट्या रकमेचा मात्र लचका तोडतात.

या खात्याची भारतात सोय नाही. त्यामुळे त्या नावाने फोन आला, लिंक आली, तर ती सोडून देणे एवढेच करायचे. पण त्या खात्यातून घेण्यासारखा धडा इथेही लागू पडतो. रक्कम लहान असली की परताव्यापेक्षा ठोक खर्च जास्त बोलतो.

भारतात निवृत्तीची सोय आणि सोने हे दोन वेगळे कप्पे आहेत. निवृत्तीसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना, अटल पेन्शन योजना, शेतकऱ्यांसाठीची मानधन योजना, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ. सोन्यासाठी दागिना, नाणे, गोल्ड ईटीएफ, गोल्ड फंड आणि बाजारात उरलेले जुने सुवर्ण रोखे. दोन्हींची सांगड आपली आपणच घालायची असते.

पेरणीचे सोने, म्हातारपणाचे सोने

ग्रामीण घरातल्या सोन्याला शहरी सल्लागार ‘अनुत्पादक’ म्हणतात. सेनगावसारख्या तालुक्यात हे म्हणणे टिकत नाही. जून उजाडला, बियाणे-खत आणायचे आहे, पीककर्जाचे नवे-जुने अजून झालेले नाही, अशा वेळी डाग गहाण ठेवून तासाभरात पैसे मिळतात. दवाखान्याच्या वेळीही तेच. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सोनेतारण कर्जाचे नियम नव्याने बांधले. त्यानुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. इतक्या सहज तारण राहणारी दुसरी वस्तू शेतकऱ्याच्या घरात नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवायला लागणारा वेळ आणि डाग गहाण ठेवायला लागणारा वेळ यांची तुलनाच होत नाही.

पण दागिन्याचा जो गुण, तोच म्हातारपणाच्या दृष्टीने त्याचा दोष. जे सहज गहाण पडते, ते एखाद्या हंगामात सुटत नाही. पाऊस ओढ देतो, सोयाबीनचा भाव हमीभावाखाली राहतो, व्याज वाढते आणि डाग लिलावात जातो किंवा मोडून कर्ज फेडावे लागते. वीस वर्षांत असे दोन-तीन हंगाम येतातच. ‘सोने घेऊन ठेवले आहे, म्हातारपणी कामाला येईल’ म्हणणाऱ्या अनेक घरांत साठी येते तेव्हा मंगळसूत्र आणि एखादी अंगठी एवढेच उरते. सोन्याचा भाव वाढलेला असतो, पण सोने नसते.

म्हणून छोट्या बचतदाराने सोन्याच्या दोन पुड्या करायला हव्यात. एक पेरणीची, म्हणजे अडीअडचणीची. ती दागिन्यातच बरी. दुसरी म्हातारपणाची. ती अशा रूपात हवी, जी सहज गहाण पडणार नाही, पण गरज पडल्यावर तुकड्या-तुकड्याने विकता येईल. रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमांनुसार सोन्याच्या विटा-बिस्किटांवर आणि ईटीएफसारख्या सोन्यावर आधारित युनिटवर सोनेतारण कर्ज देता येत नाही. पेरणीच्या दृष्टीने ही उणीव आहे. म्हातारपणाच्या दृष्टीने ते कुलूप आहे.

सोने पेन्शन देते का?

देत नाही, आणि हे स्पष्ट बोलले जात नाही. सोने व्याज देत नाही, लाभांश देत नाही, दर महिन्याला खात्यात काही जमा करत नाही. ते फक्त भाव वाढल्यावर फायदा देते आणि भाव कधी वाढेल हे कोणाच्या हातात नसते. २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या भावाने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे सोने नेहमी वाढतेच असा समज पक्का झाला. पण २०१२ मध्ये दहा ग्रॅमला साधारण ३१ हजार रुपये मोजणाऱ्याला २०१८ मध्येही जवळपास तोच भाव दिसत होता. सहा वर्षे महागाई वाढली, सोने जागेवर राहिले. जागतिक बाजारात १९८० च्या जानेवारीत सोने औंसाला ८५० डॉलरवर गेले होते; तो आकडा पुन्हा ओलांडायला २००८ साल उजाडले. ज्याची साठी अशा पडत्या काळात आली, त्याने काय करायचे?

म्हणून पाया पेन्शनचा, त्यावर थर सोन्याचा, हा क्रम उलटा करू नये. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या व्यक्तीला बँक किंवा पोस्टातून सहभागी होता येते. साठीनंतर महिना १ हजार ते ५ हजार रुपये हमी पेन्शन मिळते, पश्चात जोडीदाराला तेवढीच मिळते आणि दोघांनंतर जमा निधी वारसाला मिळतो. ३५ व्या वर्षी सुरुवात केली तर ३ हजारांच्या पेन्शनसाठी महिना ५४३ रुपये आणि ५ हजारांसाठी ९०२ रुपये भरावे लागतात. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो, म्हणजे हंगामी उत्पन्नाला तो जुळतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, त्याच वयोगटातील शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री किसान मानधन योजना आहे. वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये शेतकऱ्याचे, तेवढेच केंद्र सरकारचे आणि साठीनंतर महिना ३ हजार रुपये.

चाळिशी ओलांडलेल्याला ही दोन्ही दारे बंद होतात. त्याच्यासाठी पोस्टातले किंवा बँकेतले पीपीएफ खाते आहे. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के राहिला आहे. हाच दर धरला आणि दर एप्रिलच्या सुरुवातीला ६ हजार रुपये भरले, तर १५ वर्षांनी साधारण १ लाख ६२ हजार रुपये होतात. पीपीएफमधील पैशांवर न्यायालयाची जप्ती येत नाही, ही कर्जाच्या फेऱ्यात असलेल्या शेतकऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

यापैकी काहीच नसताना सगळी बचत सोन्यात टाकणे धोक्याचे आहे. म्हातारपणासाठी बाजूला पडणाऱ्या रकमेतला पाचवा हिस्सा, फार तर चौथा, सोन्यात असावा. त्यापुढे जाण्याला परंपरेशिवाय दुसरा आधार नाही.

पैसा कुठे गळतो?

आता हा सोन्याचा हिस्सा कोणाकडे द्यायचा? हिशेबासाठी ५० हजार रुपयांचे शुद्ध सोने घ्यायचे आहे, असे धरू.

दागिना घेतला आणि मजुरी १२ टक्के लागली, तर ६ हजार रुपये वाढले. एकूण ५६ हजारांवर ३ टक्के जीएसटी म्हणजे १ हजार ६८० रुपये. बिल झाले ५७ हजार ६८० रुपये. हाच डाग दुसऱ्या दिवशी मोडायला नेला, तर मजुरीही मिळत नाही आणि जीएसटीही. हातात जास्तीत जास्त ५० हजार, त्यातून पुन्हा तूट-घट कापली जाते. म्हणजे दुकानाबाहेर पाऊल टाकताच तेरा टक्क्यांहून अधिक रक्कम गेली. अंगावर घालायला हौसेने घेतलेल्या दागिन्याला हा खर्च शोभतो, बचतीला शोभत नाही.

नाणे घेतले तर मजुरी कमी, समजा ३ टक्के. जीएसटी धरून बिल ५३ हजार ४५ रुपये. गळती पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. पण बँकेकडून नाणे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. ते शेवटी सराफाकडेच न्यावे लागते. शिवाय ठेवायचे कुठे? लॉकरचे भाडे समजा जीएसटीसह वर्षाला १ हजार ७७० रुपये असेल, तर ५० हजारांच्या सोन्यावर ते साडेतीन टक्के झाले, तेही दरवर्षी. अमेरिकेतल्या त्या खात्याची तिजोरी आठवावी. गणित तेच आहे.

गोल्ड ईटीएफमध्ये एक कंपनी सोने विकत घेऊन तिजोरीत ठेवते आणि त्याचे छोटे युनिट शेअर बाजारात विकते. देशातला पहिला गोल्ड ईटीएफ २००७ मध्ये आला. काही ईटीएफचे एक युनिट एका ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढे असते. घेताना मजुरी नाही, सोन्यावरचा ३ टक्के जीएसटी गुंतवणूकदाराच्या बिलात नाही. दलाली आणि किरकोळ आकार असतात. पण दरवर्षी व्यवस्थापन खर्च कापला जातो. तो ०.६ टक्के धरला, तर ५० हजारांवर वर्षाला ३०० रुपये.

इथे ईटीएफचे गुणगान करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. हा ०.६ टक्का वीस वर्षे कापला गेला, तर एकूण अकरा टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दागिन्याच्या मजुरीएवढा. फरक एवढाच की छोटा बचतदार एकदम ५० हजार टाकत नाही, थोडे थोडे टाकतो. त्याच्या पैशाचा सरासरी मुक्काम दहा वर्षांचा धरला तर कपात सहा टक्क्यांच्या आसपास राहते. चोरीची भीती नाही, लॉकर नाही, शुद्धतेचा वाद नाही. म्हणूनच ईटीएफ निवडताना कंपनीच्या नावापेक्षा वार्षिक खर्चाचा आकडा आणि बाजारात रोज होणारी उलाढाल पाहावी. खर्च कमी आणि उलाढाल भरपूर, तो चांगला.

ईटीएफला डिमॅट खाते लागते आणि त्याच्या वार्षिक शुल्काची अनेकांना धास्ती असते. मूलभूत सेवा डिमॅट खात्यात, म्हणजे ‘बीएसडीए’मध्ये, चार लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीला वार्षिक देखभाल शुल्क नाही. खाते उघडताना हे नाव घेऊन विचारावे. डिमॅट नकोच असेल तर गोल्ड फंड आहे. तो म्युच्युअल फंडासारखा थेट घेता येतो, पण आतल्या ईटीएफचा खर्च आणि फंडाचा स्वतःचा खर्च असे दोन आकार लागतात.

मोबाइलवरच्या डिजिटल सोन्याचे काय?

दहा रुपयांत सोने, हे डिजिटल सोन्याचे आकर्षण. पण घेताना ३ टक्के जीएसटी लागतो आणि कंपनीचा विक्रीचा भाव व खरेदीचा भाव यांत अंतर असते. ॲपवर दोन्ही भाव एकाच वेळी दिसतात. वजाबाकी केली की कळते. सोने तिजोरीत किती वर्षे मोफत राहील याच्याही अटी असतात.

मुख्य प्रश्न जाब विचारण्याचा आहे. ‘सेबी’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले, की डिजिटल किंवा ई-गोल्ड नावाची ही उत्पादने रोखे म्हणून अधिसूचित नाहीत, त्यांचे नियमन सेबी करत नाही आणि काही बिघडले तर रोखे बाजारातील गुंतवणूकदार संरक्षणाची यंत्रणा त्यांना लागू होणार नाही. हे विकणारे सगळे फसवे आहेत, असा याचा अर्थ नाही. पण वीस वर्षांनी कंपनी राहिली नाही तर दाद कुठे मागायची, याचे उत्तर नाही. महिनाभराची गंमत म्हणून शंभर रुपये टाकणे वेगळे, म्हातारपण टाकणे वेगळे.

सराफाची भिशी म्हातारपणासाठी आहे का?

सराफाची भिशी अकरा महिन्यांची का असते, हे क्वचितच कोणी विचारते. कंपन्यांनी ठेवी घेण्याबाबतचे २०१४ चे नियम सांगतात, की मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाशी वळती व्हायला हवी. नाही तर ती ठेव ठरते आणि ठेवीचे कडक नियम लागतात. म्हणजे भिशी ही दागिना घेण्यासाठी हप्त्याने दिलेली आगाऊ रक्कम आहे. लग्नसराईसाठी ती चालेल. पण कोणी ‘पाच वर्षे भरा, मग महिन्याला देऊ’ म्हणत असेल, तर तिथेच उठावे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली-ठाणे परिसरातील गुडविन ज्वेलर्सची दुकाने अचानक बंद झाली. मासिक सुवर्ण योजना आणि ठेवींत पैसे गुंतवलेल्यांची पोलीस ठाण्यात रांग लागली. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या ‘टोरेस’ दालनासमोर तेच चित्र दिसले. तिथे खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परताव्याचे आमिष होते. मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींची जखम ओली आहे. पतसंस्थेवरचा विश्वास उडाला म्हणून लोक सोन्याकडे वळले, हे समजण्यासारखे आहे. पण सोन्याच्या नावाने पुन्हा कोणाकडे बिनपावतीचे पैसे ठेवले, तर ती ठेवच झाली.

गावातला सोनार पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो आणि बहुतेक वेळा सचोटीचा असतो. तरीही नियम माहीत हवेत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. मात्र वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना आणि दोन ग्रॅमच्या आतील दागिन्यांना सक्तीतून सूट आहे. म्हणजे छोट्या गावात बिनहॉलमार्कचा डाग विकणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण तो मोडताना शुद्धतेवरून घासाघीस होणार, हे धरून चालावे. पक्के बिल आणि हॉलमार्क नसेल तर त्याला म्हातारपणाची बचत म्हणू नये.

सरकारी सुवर्ण रोखे कुठे गेले?

छोट्या बचतदारासाठी सगळ्यात सोयीची योजना हीच होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला रोखा ग्रॅमला २ हजार ६८४ रुपयांना निघाला आणि आठ वर्षांनी ६ हजार १३२ रुपयांनी परत घेतला गेला. वर दरसालचे व्याज वेगळे. भाव वाढत गेले तसा हा व्यवहार सरकारला महाग पडू लागला. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत. घरातले सोने बँकेत ठेवण्याच्या सुवर्ण मुद्रीकरण योजनेतील मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवीही मार्च २०२५ मध्ये बंद झाल्या. यातून घेण्यासारखा बोध हा, की सरकारी दारसुद्धा कायम उघडे नसते. ज्यांच्याकडे जुने रोखे आहेत त्यांनी ते मुदतीपर्यंत ठेवावेत. शेअर बाजारातून दुसऱ्याचे रोखे घेताना मूळ खरेदीदाराची करसवलत आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नये.

निवडीआधी पाच प्रश्न

दुकानदार असो, ॲप असो की दलाल, पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत.

एक, तुमच्यावर देखरेख कोणाची? ईटीएफ, फंड आणि दलालावर सेबी. बँकेवर रिझर्व्ह बँक. पेन्शन योजनांवर पीएफआरडीए. ‘आमचे सगळे रीतसर आहे’ हे उत्तर नव्हे. नोंदणी क्रमांक हे उत्तर.

दोन, घेताना, ठेवताना आणि विकताना मिळून किती कापले जाईल? तिन्ही आकडे लिहून घ्यावेत.

तीन, परत कोण घेईल आणि कोणत्या दिवसाच्या भावाने? ‘बदल्यात दागिना’ आणि ‘बदल्यात रोख’ यांत फरक आहे. साठीनंतर दागिना नको असतो, औषधाचे पैसे हवे असतात.

चार, थोडे थोडे विकता येईल का? दहा ग्रॅमचे बिस्किट पाच हजारांच्या गरजेसाठी तोडता येत नाही. ईटीएफची दहा युनिटही विकता येतात.

पाच, वारस नोंदवला आहे का? डिमॅट, फंड, पीपीएफ, लॉकर सगळीकडे ही सोय आहे. वारसनोंद नसेल तर घरच्यांना कागदपत्रांसाठी हेलपाटे मारावे लागतात.

पैसे पाठवताना आणखी एक खूण. सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालांच्या आणि फंडांच्या यूपीआय आयडीत ऑक्टोबर २०२५ पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो. कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे मागितले तर देऊ नयेत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. उशीर झाला की पैसे गोठवणे अवघड होते.

खाते कोणाच्या नावावर?

दागिन्याकडून युनिटकडे वळताना एक नुकसान नकळत होऊ शकते. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, बँक खाते नवऱ्याचे. अशा घरात बाईच्या मालकीचे जे काही असते ते तिच्या गळ्यात असते. स्त्रीधनावर पतीचा हक्क नाही, अडचणीत त्याने ते वापरले तरी परत देण्याची जबाबदारी त्याची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण तेच सोने मोडून नवऱ्याच्या मोबाइलवरच्या, नवऱ्याच्या नावाच्या डिमॅट खात्यात गेले, तर बाईच्या हातात काय राहिले?

म्हणून तिच्या दागिन्याला हात न लावता नव्या बचतीपासून सुरुवात करावी आणि म्हातारपणाच्या सोन्याचे खाते बाईच्या नावाने उघडावे. पॅन तिचे, बँक खाते तिचे, मोबाइल क्रमांक तिचा, पासवर्ड तिला माहीत. बचत गटामुळे तालुक्यातील कितीतरी बायकांना बँकेचे कागद नवे राहिलेले नाहीत. हे खाते त्यापुढची पायरी ठरू शकते.

एका घराचा हिशेब

समजा, सेनगाव तालुक्यातील एक जोडपे. तो ४२ वर्षांचा, ती ३५ ची. पाच एकर कोरडवाहू, थोडी हळद. चांगल्या वर्षी म्हातारपणासाठी १६ हजार रुपये बाजूला पडतात.

तिच्या नावाने अटल पेन्शन : ३ हजारांच्या पेन्शनसाठी वर्षाला साधारण साडेसहा हजार, सहामाही हप्त्याने. त्याच्या नावाने पीपीएफ : वर्षाला ६ हजार. उरलेले साडेतीन हजार सोन्यात, तिच्या नावाच्या खात्यात गोल्ड ईटीएफ, वर्षातून दोनदा : एकदा सोयाबीन विकल्यावर, एकदा हळद विकल्यावर. दर महिन्याचा एसआयपी लावण्याचा सल्ला पगारदारासाठी ठीक. हंगामी उत्पन्नाच्या घरात खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक दंड लावते. वाईट वर्षी पेन्शनचा हप्ता आधी भरावा, पीपीएफचे किमान ५०० रुपये भरून खाते चालू ठेवावे आणि सोन्याला त्या वर्षी सुट्टी द्यावी.

साडेतीन हजार ही रक्कम सराफाच्या दुकानात फार मोठी नाही. तेवढ्यात अर्धा ग्रॅमही येत नाही आणि त्यावर मजुरी अंगावर येते. ईटीएफमध्ये मात्र तिचे पूर्ण वजन पडते. साठी आल्यावर पेन्शन घर चालवेल, पीपीएफ मोठ्या खर्चाला राहील आणि भाव चांगला असेल त्या वर्षी थोडे सोने विकता येईल. भाव पडलेला असेल तर विकायची घाई राहणार नाही. म्हातारपणी सोन्याचा खरा उपयोग हाच आहे, आणि तो पेन्शनचा पाया असलेल्यालाच मिळतो.

त्यामुळे हळदीची पट्टी हातात पडली की सराफाकडे जाण्याआधी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खिडकीशी थांबावे. पेन्शनचा फॉर्म तिथे मिळतो, आणि चाळिशी अजून ओलांडली नसेल तर तो भरायला तेवढीच वर्षे हातात आहेत.